तिसरी पुरचुंडी

आजीची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने तिची पेटी उघडली. पत्र्याची, कधीकाळी हिरवी असलेली, कडीला सुतळी गुंडाळलेली. आत दोन लुगडी, बँकेचं पासबुक, पिशवीत घड्या घालून ठेवलेलं आधार कार्ड, आजोबांचा एक फोटो आणि अगदी तळाशी तीन पुरचुंड्या. आजोबांच्या धोतराच्या फडक्यात राख घालून बांधलेल्या. तिन्हींत बी होतं. पहिलं बाबांनी बघताक्षणी ओळखलं, अंबाडी. दुसरं आईने ओळखलं, बरबटी. तिसऱ्या पुरचुंडीतलं बी बारीक, काळपट, एका अंगाने चपटं. बाबांनी ते तळहातावर घेतलं, दारात जाऊन उजेडात धरलं, नखाने एक दाणा खरवडून पाहिला.

"मायले इचारा लागन," ते म्हणाले.

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग ते तसेच उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मायला विचारावं लागेल, असं बाबा किती वर्षांनी म्हणाले होते? मी आठवत राहिले. पंधरा? वीस? मला नेमकं वर्ष सापडलं नाही, पण ते वाक्य आमच्या घरातून निघून कसं गेलं, ते हळूहळू दिसायला लागलं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, अडाण नदीच्या खोऱ्यात. काळी जमीन, कापूस आणि तूर, आता सोयाबीन. नव्वदच्या दशकात मी लहान होते, तेव्हा मृग जवळ आला की घरातला पहिला प्रश्न आजीकडे जायचा. "माय, सरकी काढू का?" आजी आभाळाकडे बघायची, मग कोनाड्यातल्या मडक्याकडे. ओल्या पोत्याच्या तुकड्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवायची, चार दिवसांनी उघडून कोंब मोजायची. तेवढ्यावर ठरायचं, घरचं बी पेरायचं की कोणाकडून आणायचं. पेरणीच्या आदल्या दिवशी सरकी शेणामातीत चोळून सुटी करायची. तुरीत किती राख, ज्वारीत कडुनिंबाचा पाला कधी घालायचा, भाजीपाल्याचं बी कोणत्या वेलावरच्या कितव्या फळाचं धरायचं, हे सगळं तिच्याकडे. गावातल्या बाया ओच्यात मूठभर बी न्यायला यायच्या आणि जाताना दहा गोष्टी विचारून जायच्या.

दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटला की सीतादही. पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेताची ती पूजा घरातल्या थोरल्या बाईच्या हातची. भरलेल्या झाडापाशी खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, झाडांवर दही शिंपडायचं. आजी मला सोबत न्यायची. तिने पहिल्या बोंडाचा कापूस काढल्याशिवाय वावरात कोणाचा हात झाडाला लागत नसे. वेचायला आलेल्या वीस बाया धुऱ्यावर उभ्या राहून तिची वाट पाहायच्या. मला तेव्हा वाटायचं, ही आमची आजी म्हणजे कापसाची मालकीणच आहे.

संकरित बियाण्याची पाकिटं तोवर गावात येतच होती. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या शिवारात घरची सरकी पेरणारं कोणी उरलं नाही. ते बी राखून पुढच्या साली पेरण्यात फायदा नाही, दरवर्षी नवं विकत घ्यायचं. ४५० ग्रॅमचं पाकीट, त्यावर छापलेल्या सूचना आणि सोबत दुकानदाराचा सल्ला. शेतीचं त्यात भलं झालं की वाईट, हा वेगळा आणि मोठा हिशेब आहे. मला आठवतं ते एवढंच, की ज्या जूनमध्ये आमच्याकडे पहिलं पाकीट आलं, त्या जूनमध्ये आजीकडे जाणारा पहिला प्रश्न थांबला. मडकं कोनाड्यातच राहिलं. पुढे आईने त्यात मीठ भरलं.

मग एकेक प्रश्न दुसरीकडे वळला. पावसाचा अंदाज मोबाइलवर आला. बाळंतपणं दवाखान्यात गेली, आणि ते फार चांगलं झालं, कारण आजीनेच आपली दोन लेकरं घरच्या बाळंतपणात गमावली होती. सोयरिकी बायोडेटावर ठरू लागल्या, कुणाच्या आजोळाशी कुणाचं काय नातं हे तिला विचारायची गरज उरली नाही. यातलं काहीच कोणी तिला दुखवायला केलं नाही. माणसं फक्त जिथे उत्तर लवकर मिळतं तिथे गेली.

हे मी स्पष्ट सांगितलं पाहिजे, की आमच्या घरात आजीचे हाल झाले नाहीत. आईने तिला कधी शिळं वाढलं नाही. औषध चुकलं नाही. शेवटचे तीन महिने ती अंथरुणावर होती, तेव्हा आईने तिचं सगळं केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. म्हाताऱ्यांच्या छळाच्या बातम्या वाचताना आम्हाला वाटायचं, ते लोक वेगळे. आणि तरीही ओसरीवर बसलेली आजी शेजारणीला सांगायची, "समदं हाय बाई. पोटभर हाय, अंगभर हाय. पन मले कोनी इचारत नाई."

ते ऐकून आई दुखावली होती. "दिवसातून चार वेळा विचारते की, चहा घेता का, जेवता का." तिचंही खरं होतं. पण आजी वेगळंच काही म्हणत होती. आपल्या मराठीत एखाद्याची किंमत संपली हे सांगायला आपण म्हणतो, "त्याला आता कोण विचारतं?" उपाशी ठेवतात, मारतात, घराबाहेर काढतात, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. या भाषेने मान आणि विचारणं या दोन गोष्टी फार पूर्वीच एक करून ठेवल्या आहेत. चहा घेता का, ही चौकशी. ती पाहुण्याचीही होते आणि रुग्णाचीही. सरकी काढू का, हे विचारणं. त्यात विचारणाऱ्याचं काहीतरी समोरच्याच्या उत्तरावर अडलेलं असतं.

बाबांनी बैलजोडी विकली तेव्हा त्यांनी तिला विचारलं नव्हतं. चारा परवडत नव्हता, ट्रॅक्टर भाड्याने मिळत होता, निर्णय बरोबरच होता. आजी पहाटे उठून गोठ्यात गेली तेव्हा दावी रिकामी होती. ती काही बोलली नाही, गोठा झाडून परत आली.

त्या वर्षीचा पोळा आला. आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना गरम पाण्याने शेकायचं, हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. इतकी वर्षं हे आवतण आजीच द्यायची. त्या संध्याकाळी तिने सवयीने वाटीत हळद-तूप कालवलं, पळसाची पानं आणली, पाणी तापवलं. बाबा फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून अंगणात येत होते. पट्ट्यांनी त्यांचे खांदे लाल झालेले. आजीने हाक मारली, "ये बापू, बस. तुह्या खांद्याले लावू दे."

बाबांना वाटलं, वयाने मायचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. "काय करतं माय, वेळ नाई मले," म्हणून ते हातपाय धुवायला निघून गेले. ती वाटी रात्रभर ओसरीवर होती. हे मला बाबांनी तेरवीच्या रात्री सांगितलं. साठी ओलांडलेला माणूस स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून रडत होता.

आजीला दरवर्षी न चुकता विचारायचं ते एक सरकार. तिला श्रावणबाळ योजनेतून पैसे मिळायचे. आधी महिन्याला ६००, मग १०००, शेवटी १५०० रुपये. आईबापांना कावडीत घालून नेणाऱ्या मुलाचं नाव या योजनेला दिलं आहे. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. आजी त्या दिवशी चांगलं लुगडं नेसायची. पण यंत्रावर तिचा अंगठा उमटत नसे. पन्नास वर्षं कापूस वेचलेली बोटं होती ती. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी दर हंगामात कातडी सोलवटायची, पुन्हा यायची, पुन्हा सोलवटायची. रेषा पुसल्या गेल्या होत्या. एक अंगठा, दुसरा, मग एकेक बोट, कधी ओला फडका लावून, कधी उद्या या म्हणून. घरी येऊन ती हात पुढे करून बघायची. "सरकाराले माहा अंगठा ओयखूच येत नाई," म्हणायची. ज्या कामाने अंगठा झिजला, त्याच कामाच्या बळावर आमचं शिक्षण झालं. माझ्या पुण्याच्या नोकरीच्या अर्जावर माझी सही स्पष्ट उमटली, ती त्या पुसट अंगठ्यामुळे.

दाखला चुकीचा नाही. खोट्या नावांवर पैसे जाऊ नयेत हे खरंच. पण वर्षातून एकदा तिला विचारला जाणारा ठाम प्रश्न एवढाच उरावा, की बाई, तू अजून आहेस का?

मी पुण्याहून रोज फोन करायचे. रोज, हे मी अभिमानाने सांगायचे मैत्रिणींना. "जेवलीस का? गोळी घेतली का? गुडघा कसा आहे?" पलीकडून, "हाव. हाव. बरा हाय." की झालं. मग आजी एक प्रश्न विचारायची, तिकडे पाऊस आहे का, आणि मी म्हणायचे, माहीत नाही गं, ऑफिसात आहे.

ती खरोखर बोलताना मी एकदाच पाहिली, आणि तेही एका परक्या मुलासमोर. शकुंतला बंद पडल्यानंतरची गोष्ट. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची ती अरुंद रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने कापूस बाहेर नेण्यासाठी तो मार्ग उभारला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, आणि पुढे गाडीच थांबली. त्या गाडीवर लिहिण्यासाठी एक कॉलेजचा मुलगा गावोगाव जुन्या माणसांना भेटत होता. मी दिवाळीला आले होते. त्याने आजीसमोर जमिनीवर मांडी घातली, वही उघडली आणि विचारलं, "आजी, तुम्ही लग्न होऊन याच गाडीने आल्या ना? कशी होती?"

आजी दोन तास बोलली. माहेर कारंज्याकडचं, वऱ्हाड गाडीत बसलं, दारव्हा मोतीबागला उतरलं, तिथून रात्र होईतो बैलगाडी. इंजिनाच्या कोळशाची कणी डोळ्यात गेली म्हणून नवरीचे डोळे लाल, आणि सासरच्यांना वाटलं, फार रडली पोर. घाटात गाडी दमायची तेव्हा लोक कसे उतरून चालायचे. डब्यात कोणाच्या हातून बरबटीचं बी मिळालं, आणि तोच वाण तिने सासरी लावला. मी दारात उभी राहून ऐकत होते. तीस वर्षांची झाले होते मी, आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मुलगा निघाला तेव्हा आजी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेली, दुखऱ्या गुडघ्यांनी. पुढचे आठ दिवस ती सगळ्यांना सांगत होती, "पोरगं आलं होतं. इचारत होतं."

तेव्हाच मला उमगायला हवं होतं. त्या मुलाने तिला काहीही दिलं नव्हतं. त्याला जे ठाऊक नव्हतं, ते तिच्याकडे आहे हे त्याने मान्य केलं होतं, एवढंच.

आम्हा गावाकडच्यांना वाटतं, म्हाताऱ्यांची आबाळ शहरात होते. आर्णी तालुक्यातल्या उमरी पठारला संत दोला महाराजांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे, आणि उमरी पठार हे खेडं आहे. आजी गेल्यानंतर मी तिथे गेले. काही द्यायला म्हणून गेले होते. आत पाऊल टाकलं, तर एका आजोबांनी आधी मलाच विचारलं, "कोन्या गावची वं बाई? कोनाची?" गाव सांगितलं, तर तिथल्या दोन घरांची नावं त्यांनी घेतली, पीकपाणी विचारलं, नदीला पाणी किती म्हणून विचारलं. विचारण्याची रीत त्यांच्यात शाबूत होती. ती आमच्यात राहिली नव्हती.

या जिल्ह्यात म्हातारपणाला आणखी एक चटका आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं, तेव्हापासून आजवर आमच्या किती घरांत मुलाच्या पाठी आईबाप उरले. नातवंडं वाढवायला सत्तरीत पुन्हा निंदणाला जाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना मात्र खूप जण विचारतात. कर्ज किती होतं, सातबारा कोणाच्या नावावर, कागद आहेत का. पंचनामा होतो, मदतीचा निर्णय होतो, माणसं जातात. तुमचा मुलगा लहानपणी कसा होता हो, असं विचारणारा क्वचितच कोणी त्या ओसरीवर थांबतो.

आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला, महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यासमोर अर्ज करता येतो, महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो, आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली जमीन, अट मोडली तर रद्द करून घेता येते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा क्रमांकही आहे. ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना हे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं पाहिजे, कारण आमच्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांना ते माहीतच नाही. आणि माहीत असलं तरी अनेक जणी म्हणतात, "पोटच्या पोराले साहेबापुढं कसं उभं करू?" त्या पुढे आल्या नाहीत तरी गावाने, शेजाऱ्याने, ग्रामपंचायतीने पुढे आलं पाहिजे. जिथे भाकरीच तोडली आहे तिथे कायदाच हवा.

पण आमच्या घरात भाकरी होती. आमच्यासारखीच घरं जास्त आहेत, जिथे सगळं मिळतं आणि माणूस मात्र हळूहळू भिंतीसारखा होतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती. त्यांतली कित्येक अशाच एखाद्या ओसरीवर, पोटभर आणि अंगभर, कोणीतरी काही विचारील म्हणून बसलेली असतील.

२०२३ च्या पोळ्याआधी आजी गेली. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी होते. एका दुपारी तिने हाताने पेटीकडे खूण केली, "बी हाय त्यात," म्हणाली. मी म्हणाले, "हो आजी, तू झोप. बोलू नकोस, दम लागतो." मी काळजीच करत होते तिची. कोणतं बी, कुठे लावायचं, कधी, एवढं विचारायला मला एक मिनिट लागलं असतं.

पुढच्या मृगाला बाबांनी तिन्ही पुरचुंड्या आवारात पेरल्या. अंबाडी कमरेएवढी वाढली. बरबटी कुंपणावर चढली, आणि आईने तिच्या शेंगा वाळवून पुन्हा धोतराच्या फडक्यात बांधल्या. आता बाबा रोज संध्याकाळी फोनवर मला काही ना काही सांगतात, कारण आता मी विचारते. आजोबांनी विहीर कोणत्या साली खोदली, तुम्ही शाळेत चालत कोणत्या वाटेने जायचात, तुमच्या पहिल्या कमाईचं आजीने काय केलं. बाबा आधी चाचरायचे. आता माझा फोन उशिरा आला तर ते आईला विचारतात, पोरगी अजून कशी बोलली नाही.

तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर आज त्यांना जेवलात का हे विचाराच. पण त्यानंतर आणखी एक गोष्ट विचारा, जी तुम्हाला खरोखर माहीत नाही आणि फक्त त्यांनाच माहीत आहे. उत्तर संपेपर्यंत उठू नका.

तिसऱ्या पुरचुंडीतलं बी उगवलं नाही. ते कशाचं होतं, हे सांगणारं आता कोणी नाही.